गोडाऊनमध्ये कापराचा वास येतोय, पण कापूर नाहीये. मग वास कशाचा?

वितळभट्टी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापूरजवळ ॲल्युमिनियम कास्टिंगचं छोटं युनिट आहे, दोन भट्ट्या, सात-आठ माणसं. गेल्या आठवड्यात एक नवीन पोरगं लागलंय हाताखाली, त्याला स्टोअरमधनं माल आणायला धाडलं तर परत येऊन म्हणतंय, "मालक, आत देवाचा कापूर ठेवलाय व्हय, एवढा?" मी हसलो आणि मग विचारात पडलो. कारण खरंच त्या खोलीत गेलं की देवघरात गेल्यागत वाटतं, मला पण पंधरा वर्षं वाटतंय, पण कधी कुणाला विचारलं नाही.

तो वास डिगॅसरच्या गोळ्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲल्युमिनियम वितळलं की हवेतल्या दमटपणातनं हायड्रोजन ओढून घेतं, आणि थंड होताना तो हायड्रोजन बाहेर पडायला बघतो, मग कास्टिंगमध्ये बारीक बारीक भोकं पडतात, पिनहोल म्हणतो आम्ही. मशीनिंगला गेल्यावर ती दिसतात आणि अख्खा लॉट परत येतो. म्हणून सातशे-सव्वासातशे अंशाच्या मेल्टमध्ये ही पांढरी गोळी घंटेसारख्या दांड्यानं तळाशी दाबून धरायची, ती फुटून वायूचे बुडबुडे होतात आणि वर येताना हायड्रोजन सोबत घेऊन येतात. डब्यावर लिहिलंय हेक्झाक्लोरोइथेन.

घरी येऊन कापराची डबी हुंगून बघितली. अगदी तोच वास नाही, पण चुलतभाऊ म्हणावा एवढा जवळचा. कापूर झाडाचा, ही गोळी केमिकल कंपनीतली, क्लोरिनवाली. दोघांचा वास एक कसा? का गोळीत कापूरच मिसळतात?

नागपुरी_संत्रं | सोमवार, रात्री ९:५८

काहून बाप्पा गोळ्या हुंगून राहिले तुम्ही घरी बसून 😀 हलकेच घ्या. पण प्रश्न भारी आहे, वाचतोय.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री १०:३५

धागाकर्ते, कापूर मिसळत नाहीत, निश्चिंत असा. वास त्या हेक्झाक्लोरोइथेनचाच आहे. पण आधी एक विनंती, कुतूहल म्हणून सुद्धा ते परत हुंगू नका. यकृताला वाईट आहे ते.

तीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

कापराच्या रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. तुमच्या गोळीच्या रेणूत दोन कार्बन आणि सहा क्लोरिन, संपलं. हायड्रोजन नाही, ऑक्सिजन नाही. म्हणजे घटक बघितले तर नात्यातले नाहीतच, ओळखीचेही नाहीत. पण आकार बघा. मध्ये दोन कार्बन आणि भोवती सहा गलेलठ्ठ क्लोरिन दाटीवाटीने बसलेले, बाहेरून हात फिरवला तर लाडू. आता कापूर: सहा कार्बनचं कडं, त्या कड्यावरून एका कार्बनचा पूल टाकलेला, आणि वर तीन मिथाइल (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा गट) चिकटलेले. तोही लाडूच, जरा खडबडीत, हातावर वळलेला.

आणि कापरासारखा वास येणाऱ्या पदार्थांची यादी काढलीत तर बहुतेक सगळे असेच लाडू निघतात. भीमसेनी कापरातला बोर्निऑल, सायक्लोऑक्टेन, पेट्रोलियममध्ये १९३३ साली सापडलेला ॲडमँटेन (हा तर इतका गोल आणि घट्ट की २७० अंशाला वितळतो), लॅबमधला टर्शरी ब्युटेनॉल, हेक्झामिथाइलइथेन. या शेवटच्याचं नाव तुमच्या गोळीसारखंच आहे बघा, सहा क्लोरिनच्या जागी सहा मिथाइल. कुणात ऑक्सिजन आहे, कुणात नाही, कुणात क्लोरिन, कुणी नुसता हायड्रोकार्बन. सारखं एवढंच की गोल आहेत आणि साधारण एकाच मापाचे आहेत.

चष्मेबहाद्दर | सोमवार, रात्री ११:१०

मास्तर, ऐकायला छान वाटतं, पण नाकात काय व्हर्नियर कॅलिपर बसवलाय का? आकारावरून वास हा सिद्धांत जुना आहे आणि तो पुरेसा नाही हे केव्हाच ठरलंय. साधं उदाहरण देतो. पुदिन्याच्या वासात मुख्य असतो कार्व्होन. शेपूच्या, बाळंतशोपाच्या वासातही कार्व्होनच. दोन्ही रेणू एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब, अणू तेच, जोडण्या त्याच, आकारही डावा-उजवा सोडला तर तोच. तरी पुदिन्याची चटणी आणि शेपूची भाजी यांत फरक कळत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ११:३२

उदाहरण अगदी योग्य. पण त्याचीच पुढची पायरी घ्या. कापराचेही असे दोन रूपं आहेत. झाडाचा कापूर म्हणजे एकच, उजवा. कारखान्यात टर्पेंटाइनपासून करतात त्यात डावा-उजवा निम्मे निम्मे. आपल्या देवघरात आज जो जळतो तो जवळपास सगळा हा दुसरा. आणि नाकाला या दोघांत फरक सहसा कळत नाही. डाव्या पायातला बूट उजव्यात जात नाही, पण चेंडूला कुठला आलाय डावा-उजवा? रेणू चेंडूच्या जवळ जायला लागला की नाकालाही फरक करणं जड जातं, असं माझं मत.

आता झोपतो, बीपीची गोळी घेतलीय.

माईंची_लेक | मंगळवार, सकाळी ७:१५

सुंदर धागा. मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही पण कापूर म्हटलं की आमच्या माईची अमृतधारा आठवते. कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंटचं फूल, तिन्ही कोरडे खडे, ती एका बाटलीत घालून बूच लावून हलवायची आणि आम्ही पोरं डोळे फाडून बघायचो, पाण्याचा थेंब न घालता आपोआप पाणी व्हायचं! पोटात दुखलं की बत्ताशावर एक थेंब. मास्तर सर, ते का व्हायचं?

आणि दुसरं, कापराच्या डबीत ती दोन-चार काळी मिरी टाकायची, म्हणजे कापूर उडत नाही म्हणे. मीही टाकते. खरं आहे का हे, का उगीच?

नाकाडोळा | मंगळवार, सकाळी ११:०५

मी सुगंध बनवणाऱ्या कंपनीत वास घेण्याचंच काम करते, (हो, पगार मिळतो त्याचा 😊) म्हणून माझे दोन पैसे.

आमच्या भाषेत कापरासारखा हे एक अख्खं खानदान आहे, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरात पसरलंय. वेलदोडा सोलल्यावर जो गार गार झटका बसतो तो सिनिओलचा, म्हणजे निलगिरी तेलात जे मुख्य असतं तेच. उटण्यातली कपूरकाचरी, तिच्या तेलातही सिनिओल भरपूर. बडीशेपेत फेंकोन असतो, आणि तो तर कापराचा सख्खा भाऊ, तेच दहा-सोळा-एक अणू, फक्त मिथाइल वेगळ्या जागी बसलेत. कडवट बडीशेपेत तो जास्त, गोड जातीत कमी. कापूरतुळशीत मात्र थेट कापूरच असतो, म्हणून तिचं पान चुरगाळलं की आरतीची आठवण येते.

चष्मेबहाद्दर बरोबर आहेत की आकारावरून वास सांगता येत नाही. आम्हाला रोज नवीन रेणू येतात आणि कागदावर बघून वास ओळखायची पैज लावली तर मी बऱ्याचदा हरते. पण कापूर खानदानात जिंकते. जॉन अमूर नावाच्या माणसाने १९५० आणि ६० च्या दशकात मांडलं होतं की मूळ वास सात, आणि प्रत्येकासाठी नाकात एकेका आकाराचा खळगा. कापराचा खळगा म्हणजे वाटी, साधारण सात अँगस्ट्रॉम (रेणू मोजायचं एकक) रुंद. पुढे १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना वास ओळखणाऱ्या जनुकांचं कुटुंब सापडलं, २००४ चं नोबेल मिळालं त्यावर, आणि कळलं की माणसात असे सुमारे चारशे ग्राहक (वासाचा रेणू पकडणारी प्रथिनं) आहेत आणि एकेक रेणू त्यातले कितीतरी एकदम वाजवतो, पेटीवर सूर धरल्यासारखे. सात खळग्यांची गोष्ट तिथेच संपली. पण सातांपैकी कापराचा वर्ग अजूनही इतरांपेक्षा जास्त टिकून आहे, हे आमच्याकडचे जुने लोकही सांगतात.

जाता जाता, गारवा हा वास नाही. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा खेळ आहे, थंडी ओळखणारी जी यंत्रणा असते तिला मेंथॉल आणि थोडाफार सिनिओल फसवतात. कापूर तर उलट उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेलाही डिवचतो, म्हणून बाम चोळला की आधी गार का गरम तेच कळत नाही.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२:४०

नाकाडोळा, फार छान लिहिलंत. पेटीचं उदाहरण मी चोरणार.

माईंची लेक, मिरीचं आधी. मिरी काही करत नाही. घट्ट झाकणाची डबी करते. डबीतली हवा कापराच्या वाफेने एकदा भरली की आणखी उडायला जागा नसते, झाकण उघडं राहिलं की मिरी घाला नाहीतर हिरा घाला, उडणारच. पण माईंची रीत आहे, चालू ठेवा.

अमृतधारेचं असं की दोन-तीन घन पदार्थ एकमेकांत मिसळले की एकमेकांचा वितळणबिंदू खाली ओढतात, या तिघांचा तर इतका खाली जातो की खोलीच्या तापमानालाच द्रव होतो. आणि यात कापूर विशेष वस्ताद. पाण्यात काही विरघळवून त्याचा गोठणबिंदू किती उतरतो त्याचा स्थिरांक १.८६. कापराचा जवळजवळ ४०! बीएस्सीला ज्यांनी रास्ट पद्धत केली असेल त्यांना आठवेल, अनोळखी पदार्थ चिमूटभर कापरात वितळवायचा, केशनलिकेत भरायचा आणि वितळणबिंदू किती घसरला त्यावरून रेणुभार काढायचा. साध्या थर्मामीटरवर भागतं, कारण घसरण दणदणीत असते. १९२२ ची पद्धत, आता कुणी करत नाही.

आता हे का, तर परत लाडूच. ताटात लाडू रचलेत असं समजा. प्रत्येक लाडू आपली जागा सोडत नाही पण जागच्या जागी भिंगरीसारखा फिरतो, कारण अडायला कोपराच नाही. कापूर घन असतानाच त्याचे रेणू असे फिरत असतात. याला प्लास्टिक क्रिस्टल म्हणतात, आपल्या प्लास्टिकशी संबंध नाही, मऊपणावरून नाव पडलंय. कापराची वडी नखाने चिरडते, साखरेसारखी कडक वाजत नाही, ती यामुळेच. आणि फिरायची मोकळीक आधीच मिळालेली असल्यामुळे वितळताना नवीन असं फारसं काही मिळत नाही, वितळायला उष्णताही थोडीच लागते, आणि उष्णता जितकी थोडी तितका तो स्थिरांक मोठा.

दुसरा परिणाम म्हणजे हे पदार्थ द्रव राहायला तयार नसतात. कापूर १७५ ते १८० अंशाच्या दरम्यान वितळतो आणि २०५ च्या आसपास उकळतो, मध्ये पंचवीस-तीस अंश फक्त. हेक्झामिथाइलइथेन १०१ ला वितळतो आणि १०६ ला उकळतो, पाच अंश! आता हा खरं तर ऑक्टेनच आहे, आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन. तेच आठ कार्बन सरळ शेवेसारखे ओढले तर उणे ५७ ला वितळतो आणि १२५ ला उकळतो, पेट्रोलसारखा वाहता, आणि वासही पेट्रोलचाच. शेवेचा लाडू वळला की घन होतो आणि कापरासारखा वास येतो. अणू एकही बदललेला नाही.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, दुपारी १:२०

शेव ते लाडू हे मान्य करावंच लागेल. डांबरगोळी कुठे बसते मग? तीही उडते, कपाटात तीही असते आणि कापराच्या नावाखाली अनेक जण तीच हुंगत असतात.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १:३८

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, ती भाकरी आहे. सपाट. ८० ला वितळते आणि २१८ ला उकळते, म्हणजे मध्ये चांगली ऐसपैस जागा. उडते खरी, त्यामुळे उडणं ही काही फक्त लाडवांची मक्तेदारी नाही. पण वास नीट घेतलात तर तो कापराचा नाही, डांबराचाच आहे. आपण दोन्ही कपाटात ठेवतो म्हणून डोक्यात एक झालेत.

गोळीबार_फार्मसी | मंगळवार, दुपारी ३:५०

औषधाच्या दुकानात बसतो, दोन गोष्टी घालतो यात.

एक म्हणजे कानातला मळ मऊ करायचे जे थेंब येतात त्यांना पण हा वास येतो आणि गिऱ्हाईक विचारतं कापूर आहे का. त्यात क्लोरब्युटॉल असतो, क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनपासून बनतो, पांढरा खडा, वास कापराचा. त्याच बाटलीत टर्पेंटाइन पण असतं, त्यामुळे सगळं मिळून देवळात गेल्यासारखं. मास्तरांच्या लाडवात हा पण बसत असणार, एका कार्बनवर तीन क्लोरिनचा गठ्ठा आणि शेजारी दोन मिथाइल.

दुसरी गोष्ट जरा सिरियस आहे म्हणून वेगळी लिहितो. कापूर वासाला पवित्र असला तरी लहान पोरांच्या हाती पडू देऊ नका. गिळला तर झटके येतात, ते पण लवकर, काही वेळा पाच-दहा मिनिटांत, आणि लहान मुलाला एक ग्रॅमच्या आसपास सुद्धा जिवावर बेतू शकतं. म्हणजे एक-दोन वड्या फक्त. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात सर्दीसाठी, पोरगं ती चघळतं, हे मी स्वतः बघितलंय. गिळलं तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना. आणि दोन वर्षांखालच्या बाळांना कापराचे बाम लावूच नका.

डांबरगोळीचं वेगळंच, काही मुलांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांना नॅफ्थलीननं रक्तपेशी फुटून कावीळ होते. डांबरगोळीत ठेवलेले जुने कपडे तान्ह्या बाळाला न धुता घालू नका.

माईंची_लेक | मंगळवार, दुपारी ४:३०

बाई गं. पुरचुंडी आमच्या घरात सर्रास. आजच काढते.

पण मग त्रयोदशगुणी विड्यात कापूर घालतात तो?

गोळीबार_फार्मसी | मंगळवार, दुपारी ४:४५

तो खाण्याचा म्हणून वेगळा मिळतो आणि तो पण तांदळाच्या कणाएवढा घालायचा. आरतीची वडी विड्यात कधीच नाही, ताई.

बाजारभाव | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

भीमसेनीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमचं पूजासामानाचं दुकान आहे. भीमसेनी म्हणून जे ओबडधोबड खडे महागात विकतात ते बहुतेक वेळा साधाच कापूर असतो, फक्त मेण-बिण न घालता जमवलेला. खरा भीमसेनी म्हणजे सुमात्रा-बोर्निओकडच्या ड्रायोबॅलॅनॉप्स झाडाच्या खोडाच्या चिरांत तयार होणारा बोर्निऑल. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूस नावाचं बंदर होतं, तिथून तो जगभर जायचा. मार्को पोलोनं लिहून ठेवलंय की सोन्याच्या वजनाने विकला जातो. तमिळ व्यापाऱ्यांचा १०८८ चा शिलालेख त्या बारूसजवळ सापडलाय. म्हणजे आपल्या देवळांत तो कुठून यायचा ते बघा.

जुने दुकानदार ओळखायला पाण्यात टाकायचे, भीमसेनी बुडतो, साधा तरंगतो.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

ही चाचणी म्हणजे ऐकीव माहितीच असणार.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

नाही हो, यात तथ्य आहे. कापराची घनता ०.९९, बोर्निऑलची १.०१. पाणी बरोब्बर मध्ये. मात्र खड्यात हवा अडकली असेल तर फसगत होते, म्हणून त्यावर दुकानदाराशी भांडू नका. वितळणबिंदू बघितला तर शंका राहत नाही, बोर्निऑल २०८ ला वितळतो. पण घरी कोण बघणार.

रासायनिकदृष्ट्या दोघांत दोनच हायड्रोजनचा फरक आहे, बोर्निऑलमध्ये दोन जास्त. लाडू तोच, वरचा बेदाणा बदललाय.

नाकाडोळा | मंगळवार, रात्री ८:१५

नाकाला फरक कळतो पण. कापूर टोचतो. बोर्निऑल जरा मिरीकडे, ओल्या लाकडाकडे झुकतो. शेजारी शेजारी ठेवून हुंगलं तरच हं, एकेकटं दिलं तर मीही गडबडेन.

खेकडा_कालवण | मंगळवार, रात्री ९:३०

धाग्यात मासा नाही म्हणजे धागा अपूर्ण, म्हणून आलो. आम्ही कोकणातले, तळ्यातला मासा आमच्या घरात चालत नाही, आई म्हणते मातकट लागतो. घाटावरचे मित्र म्हणतात आमची नाकं शेफारलीत. कापराशी याचा संबंध नाही हे माहितीय, वासाचा धागा आहे म्हणून विचारतोय.

नाकाडोळा | मंगळवार, रात्री ९:५२

अहो आहे की संबंध! मला वाटलंच नव्हतं हे इथे सांगायची संधी मिळेल.

साठलेल्या पाण्यातले काही जिवाणू आणि निळं-हिरवं शेवाळ दोन पदार्थ सोडतात. एक जिओस्मिन, पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यातला मुख्य. दुसरा मिथाइलआयसोबोर्निऑल. नाव ऐका, बोर्निऑल आहे त्यात, भीमसेनी कापराचाच सांगाडा, वर एक मिथाइल जास्तीचं. हे माशाच्या चरबीत जाऊन बसतात आणि मग तो मातकट लागतो. आई बरोबर आहेत. उन्हाळ्यात धरणाचं पाणी तळाला गेलं की नळाला कधी कधी मातकट, कुबट वास येतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच.

गंमत अशी की हाच पदार्थ बाटलीत जास्त प्रमाणात असला तर वास चक्क कापराकडे जातो, आणि अगदी विरळ केला की माती. आणि विरळ म्हणजे किती, लिटरमध्ये दहा नॅनोग्रॅमच्या आसपासही नाकाला कळतं. ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे थोडे दाणे. कापराला आपलं नाक एवढं तिखट नाही, त्याच्या या मातकट चुलतभावाला आहे. का, ते मला नाही सांगता येणार, पण माझ्या मते पिण्याचं पाणी चांगलं की साठलेलं हे ओळखायला पूर्वजांना उपयोग झाला असावा. हा फक्त अंदाज.

चिंच-कोकम लावून ठेवा माशाला. आंबटामुळे जिओस्मिन मोडतं आणि वास कमी होतो.

खेकडा_कालवण | मंगळवार, रात्री १०:०१

आई म्हणते कोकम वाया घालवायचं नाही असल्या माशावर. 😀 पण दंडवत स्वीकारा.

पिंगपाँग | बुधवार, सकाळी ९:२०

टेबल टेनिसचा जुना चेंडू फुटला की त्याला पण कापराचा वास यायचा, तो पण लाडू का? 😛

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी १०:१०

चेंडू गोल आहे खरा, पण तो वास खऱ्याच कापराचा. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज अधिक कापूर, कापरामुळे ते लवचीक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कंगवे, बाहुल्या, फोटोची फिल्म, सगळं त्याचंच, आणि त्यासाठी कापूर एवढा लागायचा की तैवान ताब्यात आल्यावर जपानने १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला. मग युरोपात कारखान्यात कापूर बनवायची धडपड सुरू झाली, फिनलंडच्या कोम्पांनी १९०३ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवला. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं, पुण्यात २००३ साली जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली होती ते अनेकांना आठवत असेल. टेबल टेनिसने २०१४ पासून सेल्युलॉइडचे चेंडू सोडायला सुरुवात केली.

अवांतर: कॉलेजात डिसेंबरमध्ये टर्शरी ब्युटेनॉलची बाटली सकाळी दगड झालेली असायची, कारण तो २५-२६ अंशालाच गोठतो. आमचे लॅब असिस्टंट, फार सज्जन माणूस, बाटली खिडकीत उन्हात ठेवायचे आणि म्हणायचे, "सर, केमिकल उठलं नाही अजून." साधा ब्युटेनॉल, तेच अणू, उणे ८९ पर्यंत गोठत नाही. तो शेव, हा लाडू. आणि उठला की बूच काढल्याबरोबर खोलीभर कापूर.

वितळभट्टी | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मास्तर सर, तुमचा लाडू मी आज जेवणाच्या सुट्टीत पोरांना सांगितला, खरा राजगिऱ्याचा लाडू हातात घेऊन.

एक प्रयोग पण केला घरी. कापराचा बारीक तुकडा ताटलीतल्या पाण्यावर सोडला की तो आपोआप गोल गोल पळतो, लहानपणी बघितलेलं. पुठ्ठ्याच्या होडीला मागनं कापूर लावला तर होडी पण पळते. पोरगी अर्धा तास हलली नाही तिथनं. मग बायकोनं फोडणीच्या पळीचं तेलकट बोट पाण्याला लावलं आणि होडी जागेवर ठप्प. 😀

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री ९:३०

कापूर मागच्या बाजूला पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, पुढचं पाणी जास्त जोराने ओढतं, म्हणून होडी पुढे. साठत नाही कारण कापूर पाण्यावरून उडून जातो आणि खेळ चालू राहतो. तेलाचा थर पसरला की सगळीकडचा ताण सारखाच उतरतो, ओढायला कुणी उरत नाही. वहिनींनी बरोब्बर परीक्षा घेतली. गोळीचा तुकडा मात्र पाण्यावर सोडून बघू नका.

यंत्रतंत्र | बुधवार, रात्री १०:२०

धागाकर्ते, गोळी आता सोडाच. त्यातून क्लोरिन आणि ॲल्युमिनियम क्लोराइडचा धूर निघतो, घसा धरतो, भट्टीवरच्या माणसांना विचारा. युरोपात ॲल्युमिनियमसाठी हिला बंदी आहे. आरगॉन किंवा नायट्रोजन रोटरने (फिरत्या दांड्याने) मेल्टमध्ये सोडायचा, तेच बुडबुडे तेच काम, वास नाही धूर नाही. सुरुवातीला खर्च आहे पण रिजेक्शनमध्ये वसूल होतो. आणि हो, हीच हेक्झाक्लोरोइथेन झिंक ऑक्साइडबरोबर सैन्याच्या धुराच्या नळकांड्यांत वापरायचे, यावरून काय ते समजा.

वितळभट्टी | गुरुवार, रात्री ८:५०

नायट्रोजनच्या रोटरचं कोटेशन मागवलंय. तोपर्यंत गोळ्यांचा डबा स्टोअरमधनं काढून बाहेरच्या पत्र्याच्या कपाटात ठेवला, झाकणाला टेप मारून, मास्क घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. आज सकाळी बघतो तर नवीन पोरानं डब्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "देवाचा नाही."